जुन्या घराची नवी ओसरी

घराचा स्वभाव पाहायचा असेल तर त्याची ओसरी पाहावी. माजघर कुटुंबाचे असते, स्वयंपाकघर गृहिणीचे असते, प्रार्थनेचा कोपरा देवाचा असतो. ओसरी मात्र अर्धी घराची आणि अर्धी गावाची. पावसाने अडकलेला वाटसरू, पत्र घेऊन आलेला पोस्टमन, लग्नाचे आमंत्रण करावयास आलेले शेजारी, आजाऱ्याला भेटावयास आलेले धर्मगुरू, या साऱ्यांचे पहिले स्वागत तिथेच होते. उंबऱ्याच्या आत जे बोलता येत नाही आणि भर रस्त्यात जे बोलणे शोभत नाही, ते ओसरीवर बोलले जाते.

गेल्या काही दशकांत आपल्या गावांतून एक दृश्य वारंवार दिसू लागले आहे. आजोबांनी बांधलेले कौलारू घर जागच्या जागी असते. मुलगा नोकरीत स्थिरावतो, हाती चार पैसे येतात, आणि घराला शोभा यावी या सदिच्छेने पुढे नवा ‘पोर्च’ उभा राहतो. वर सिमेंटचा सपाट स्लॅब, खाली जाड गोल खांब, समोर लोखंडी जाळी. मागचे घर त्या खांबांच्या आड एकाएकी बुटके आणि म्हातारे दिसू लागते. दोघांचे जमत नाही, हे रस्त्याने जाणाऱ्याच्याही लक्षात येते. जुन्या घराला शोभेल अशी नवी ओसरी कशी बांधावी, हा प्रश्न म्हणूनच एकट्या गवंड्यावर सोपवून चालत नाही. इतिहासात तो अनेकांपुढे उभा राहिला आहे. काहींना तो सुटला, काहींना सुटला नाही. त्याचा विचार करण्यासाठी औंधइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. तिथे जुन्या घरांचे शहाणपण पाहावयास मिळते, आणि एका वृद्ध राजाने आपल्या राज्यासच नवी ओसरी बांधून दिल्याची हकिगतही त्याच मातीतली आहे.

माणदेशी घराचे गणित

औंध हे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील गाव, साताऱ्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर. मूळपीठाच्या डोंगरावर यमाईचे देऊळ, डोंगराच्या वाटेवर १९३८ साली उभारलेले श्रीभवानी वस्तुसंग्रहालय, पायथ्याशी राजवाडा आणि गाव. १९४८ पर्यंत हे एका छोट्या संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे त्याचे तुकडे आजच्या सातारा, सांगली आणि विजापूर या जिल्ह्यांत विखुरलेले होते.

हा सारा प्रदेश पर्जन्यछायेतला. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस खटाव-माणच्या वाट्याला पाच-सहाशे मिलिमीटर आला तरी शेतकरी समाधान मानतो. एका जिल्ह्यातील या दोन आभाळांनी घरांची दोन रूपे घडविली. पश्चिमेकडे छप्पर उभ्या उताराचे. वळचण इतकी खाली आलेली की ओसरीवर चढताना वाकावे लागते. पूर्वेकडे धाब्याचे घर: तुळयांवर किलच, त्यावर काटक्यांचा थर, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड गिलावा, आणि जे थोडे पाणी पडेल ते वाहून नेण्यासाठी भिंतीबाहेर काढलेली पन्हळ. पश्चिमेकडची ओसरी पावसापासून राखते, पूर्वेकडची उन्हापासून. एकीचे छप्पर दुसरीवर चढविले तर दोन्ही घरे दुःखी होतील.

सातारा-सांगलीकडे घराच्या पुढच्या भागास ‘सोपा’ म्हणतात. पुढचा सोपा, मधला सोपा अशी घराची मोजणी चाले. वाड्यांत प्रथम पहारेकऱ्यांची देवडी, मग चौक आणि चौकाभोवती ओसरी. साध्या शेतकऱ्याच्या घरी अंगणातून दोन पायऱ्या चढल्या की सोपा. नाव कोणतेही असो, तिची रचना घराच्या हाडांतूनच निघे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर लाकडी खांब, खांबांच्या माथ्याशी हस्त आणि त्यांवर तुळई. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. घर किती मोठे, हे फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. मागच्या घराचे जेवढे खण तेवढेच ओसरीचे. त्यामुळे मधल्या खणात उभे राहिले की दार समोर येई, आणि बाजूच्या खणांत बसणाऱ्याची पाठ भिंतीला टेके. खांब दाराच्या तोंडाशी आला आहे, असे कुठे घडत नसे. त्या सुताराने कोणतीही शाळा पाहिली नव्हती. पण पुढचा भाग मागच्या भागाकडून माप घेतो, हे सूत्र त्याच्या हातात मुरलेले होते.

मात्र जुन्या ओसरीचे गुण गाताना तिचा दोष झाकून ठेवणे न्यायाचे होणार नाही. ती सर्वांची होती असे आपण सहज म्हणतो. ती सर्वांची नव्हती. कोणी गादीवर बसावयाचे, कोणी घोंगडीवर, कोणी पायरीशी आणि कोणी अंगणातच उन्हात उभे राहावयाचे, हे जातीने ठरविलेले असे. जोत्याच्या त्या दोन पायऱ्या कित्येकांना जन्मभर चढता आल्या नाहीत. सुताराचे माप निर्दोष होते. बसविणाऱ्याचे मन तसे नव्हते. जुन्या घराला नवी ओसरी जोडताना या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात.

किनाऱ्यावरचे बदल

घाट उतरून समुद्राकडे आले की याच ओसरीची नवी रूपे भेटतात. कोकणपट्टीच्या घरांत अंगणातून पडवी, पडवीतून ओटी आणि ओटीतून माजघर असा क्रम लागतो. गोव्यातही जुने हिंदू घर अंतर्मुख होते. मधे राजांगण, त्यात तुळशीवृंदावन, चारी बाजूंस खोल्या. रस्त्याकडे तोंड जवळपास बंद. सोळाव्या शतकापासून गोव्यातील समाजाचा मोठा भाग ख्रिस्ती झाला. हळूहळू घराच्या रचनेतही पालट होत गेला, आणि अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत ख्रिस्ती घरांच्या दारापुढे ‘बाल्कांव’ हे गोव्याचे खास लक्षण ठरले. चारदोन पायऱ्या, खांबांवर उतरते कौलारू छप्पर, आणि दोन्ही बाजूंस चुन्याने बांधलेल्या बैठका. या बैठकांना कोकणीत ‘सोपो’ म्हणतात. साताऱ्याचा सोपा ही घराची एक जागा, गोव्याचा सोपो हे एक आसन. शब्दांचे नाते काहीही असो, दोहोंचे काम माणसांना बसविण्याचेच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बाल्कांव आले म्हणून राजांगण सर्वत्र मोडले गेले नाही. अनेक मोठ्या घरांत मधला चौक तसाच राहिला आणि पुढे बाल्कांव जोडले गेले. जांभा दगड तोच, चुना तोच, कौलांचा उतारही तोच. बदलली ती दिशा. जे घर आपल्या चौकाकडे पाहत होते ते रस्त्याकडे पाहू लागले. संध्याकाळी आंजेलची घंटा झाली की बाल्कांवावर वडीलधारी माणसे येऊन बसत, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याशी दोन शब्द बोलल्यावाचून दिवस संपत नसे. मारिओ मिरांडा यांच्या रेखाचित्रांतून हे जग जगभर पोहोचले. वसईकडील आपल्या जुन्या कौलारू घरांची ओटीही याच कुळातली. दारातील क्रूसापुढे प्रार्थना म्हणण्यास जमलेली मंडळी आज त्या ओटीवरच विसावतात.

‘व्हरांडा’ हा शब्दही याच समुद्रमार्गाने फिरला. त्याच्या मुळाविषयी पंडितांत वाद झाले. परंतु वास्को द गामाच्या १४९८ च्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत तो आढळतो. पुढे भारतात तो इतका रुजला की इंग्रजांनी तो येथूनच उचलला. १८६५ साली बाझल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि त्या चपट्या, एकमेकांत अडकणाऱ्या कौलांनी पश्चिम किनाऱ्यावरील छपरांचे रूप पालटले. नळीच्या देशी कौलांपेक्षा ती सरळ ओळीत बसत, आणि दरवर्षी शाकारणी करण्याचा त्रास कमी होई. नवे साहित्य आले तरी ओसरी घराशी फटकून वागली नाही, कारण घर आणि ओसरी दोन्ही एकाच छपराखाली राहिली. सिमेंटच्या स्लॅबने प्रथमच ओसरीला स्वतंत्र छप्पर दिले आणि तिथून दोघांची फारकत सुरू झाली.

रोममधील धडा

ही अडचण केवळ खेड्यातील घरांचीच असते असे नाही. ख्रिस्ती जगातील सर्वांत प्रसिद्ध दर्शनी भागही याच अडचणीतून गेला आहे. रोममधील संत पेत्राच्या महामंदिराचा घुमट मायकेल अँजेलोने योजिला. १५६४ मध्ये तो निवर्तल्यावर १५९० साली तो पूर्ण झाला. मायकेल अँजेलोच्या आराखड्यात मंदिराच्या चारी भुजा सारख्या होत्या आणि घुमट जवळून, दुरून, सर्वत्र दिसावा अशी कल्पना होती. पुढे पोप पाचवे पॉल यांच्या काळात मंदिर पुढील बाजूस लांबविण्याचे ठरले. कार्लो मादेर्नो या स्थापत्यकाराने लांब सभागृह आणि त्यापुढे नवा दर्शनी भाग बांधला. त्यावर १६१२ साल कोरलेले आहे. रुंदी सुमारे ११५ मीटर, उंची सुमारे ४५ मीटर. दोन्ही टोकांस घंटाघरे उभी करण्याचा बेत होता. ती झाली नाहीत, आणि दर्शनी भाग उंचीच्या मानाने फारच रुंद भासू लागला. शिवाय चौकात जवळ उभे राहिल्यास त्या भिंतीआड घुमटच लपतो. पुढच्याने मागच्याला झाकले, ही तक्रार चार शतके होत आली आहे.

त्यानंतर बेर्निनी आला. त्यानेही प्रथम घाई केली. १६३८ च्या सुमारास त्याने एका टोकास भारी घंटाघर चढविण्यास आरंभ केला. बांधकामास तडे दिसू लागले आणि १६४६ साली ते उतरवावे लागले. पुढे पोप सातवे अलेक्झांडर यांच्या आज्ञेने १६५६ ते १६६७ या काळात त्याने चौकाभोवती २८४ खांबांची प्रदक्षिणा बांधली. या खेपेस त्याने आधी जे होते त्याचे माप घेतले. आपले खांब त्याने दर्शनी भागापेक्षा बुटके आणि साधे ठेवले. त्यांच्यापुढे मादेर्नोची आडवी भिंत उंच दिसू लागली. वर, दोन्ही बाजूंनी वळत गेलेल्या त्या खांबांनी येणाऱ्या यात्रेकरूस कवेत घेतले. ख्रिस्तसभेचे मातृवत् पसरलेले बाहू अशी त्याची स्वतःचीच कल्पना होती. जुन्या घराचा दोष त्याने घर न मोडता, पुढे नम्र ओसरी बांधून झाकला.

राज्याची ओसरी

आता पुन्हा औंधला जाऊ, कारण तिथे हेच सूत्र राज्यकारभारास लावलेले दिसते. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक अशी त्यांची ख्याती होती. किर्लोस्करांना १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखान्यास जागा मिळाली ती त्यांच्याच संस्थानात. परंतु राज्य म्हणून पाहिले तर घर जुनेच होते: राजा, कारभारी आणि रयत.

१९३८ साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे ठरविले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि वॉर्सात शिकलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन हे त्या कामी पुढे होते. महात्मा गांधींचा सल्ला घेतला गेला आणि १९३९ च्या जानेवारीत नवी राज्यघटना अमलात आली. येथे दोन वाटा मोकळ्या होत्या. विलायतेहून आयता आराखडा आणून जुन्या घरापुढे उभा करता आला असता, किंवा दर्शनासाठी एखादी नामधारी सभा बांधून मागचे दार बंद ठेवता आले असते. औंधने माप गावाकडून घेतले. पाच पंच ही कल्पना गावास परकी नव्हती. चावडीवर नाहीतर पाराखाली बसून तंटा मिटविणे त्यास ठाऊक होते. घटनेने तेच खांब घेतले, पण त्यांवर बसणारे पंच प्रौढ गावकऱ्यांनी निवडावे असे ठरविले. गावच्या पंचायतीतून तालुक्याची आणि तालुक्यातून संस्थानची सभा, अशी एकावर एक तुळई चढत गेली. न्यायही कचेरीच्या कुलपातून बाहेर येऊन गावात, गावकऱ्यांदेखत होऊ लागला. संस्थानात गावे अवघी ७२. राज्य लहान, साधने तुटपुंजी, काळ दुसऱ्या महायुद्धाचा. तरीही ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन होईपर्यंत हा प्रयोग टिकला.

त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणारे कैदी तिथे कुंपणाच्या भिंतीवाचून शेती करीत, कुटुंबासह राहत. तुरुंगाचे घर, पण पुढे पहाऱ्याची देवडी नाही. या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ साली निघाला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्यास आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचा पुरस्कार लाभला, ही आपल्या वाचकांना आवर्जून सांगण्यासारखी गोष्ट.

औंधच्या प्रयोगाने गावातील सारी उतरंड मोडली असा दावा कोणी करणार नाही. परंतु ज्यांना पूर्वी पायरीशी उभे राहावे लागे त्यांच्या हाती मत आले, आणि ओसरीवर कोणी बसावे हे जन्मावर न ठेवता निवडीवर आणले गेले. खांब जुने राहिले, बैठक नवी झाली.

आपल्या दाराशी

या साऱ्यातून आपल्या घरापुरते काय घ्यावे? पहिली गोष्ट, बांधण्यापूर्वी घराभोवती एक फेरी मारावी आणि चार मापे घ्यावीत: जोत्याची उंची, दारे-खिडक्यांची अंतरे, छपराचा उतार आणि वळचणीची उंची. ओसरीची जमीन घराच्या जमिनीहून थोडी खाली असावी व बाहेरच्या बाजूस किंचित उतरती असावी, म्हणजे झडीचे पाणी उंबऱ्याकडे येत नाही. खांब घराच्या खणांशी जुळावेत. छप्पर वळचणीखाली सरकावे आणि उतार घराचाच घ्यावा. खोली निदान सहा-सात फूट असावी. पाय पसरून बसलेल्या आजोबांना न उठविता दुसऱ्याला जाता आले पाहिजे. घर पावसाकडे तोंड करून असेल तर वळचण खाली आणावी, उन्हाकडे असेल तर खोली वाढवावी.

दुसरी गोष्ट, जुन्या भिंतीच्या वयाचा मान राखावा. नवा पाया जुन्याच्या बुडाशी खोल खणला तर जुनी भिंत खचते. नवे बांधकाम आपल्या जागी थोडेफार बसतेच. म्हणून जड स्लॅब जुन्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत घट्ट रोवू नये, त्याचा भार त्याच्याच खांबांवर ठेवावा आणि दोहोंत सांधा सोडावा. अशा भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये. आतली ओल कोंडते आणि काही वर्षांत भिंत पोखरते. बेर्निनीच्या घंटाघराचे तडे आणि आपल्या दारातील तडे यांत लहानमोठेपणाखेरीज फरक नाही.

तिसरी गोष्ट गवंड्याला विचारून कळणार नाही. ही ओसरी कोणासाठी? मोटारीसाठी असेल तर तिला शेड म्हणावे आणि घराच्या बाजूस बांधावे. पाहुण्यांना दिपविण्यासाठी असेल तर ती मादेर्नोच्या भिंतीसारखी घरच झाकील. पण म्हाताऱ्या माणसाला रस्ता दिसावा, शेजारणीला चार घटका बसता यावे, दारी आलेल्या अनोळखी माणसाला उन्हातून आत घ्यावे, यासाठी असेल तर बैठक जाळीच्या आत कोंडू नये. आपल्या आजोबांच्या ओटीवर ज्याला बसू दिले नसते तोही आज तिथे बसू शकला पाहिजे. मापे घराची घ्यावीत. मन मात्र घराच्या जुन्या मापाचे ठेवू नये.

पवित्र शास्त्राच्या वाचकांना शलमोनाची देवडी ठाऊक आहे. प्रभू येशू हिवाळ्यात तिथे फिरत असे, आणि पुढे प्रेषितांभोवती लोक तिथेच जमत. हेरोदाने यरुशलेमचे मंदिर नव्याने बांधविले तरी पूर्वेकडची ती देवडी जुनीच, शलमोनाच्या काळची आहे, अशी लोकांची समजूत होती. इतिहासकार योसेफस सांगतो की मंदिराचे काम संपल्यावर अठरा हजारांवर कामगार रिकामे झाले, तेव्हा ती देवडी नव्याने बांधावी अशी विनंती लोकांनी राजा अग्रिप्पाला केली. कोणतीही इमारत पाडणे सोपे आणि पुन्हा उभारणे कठीण, असा विचार करून राजाने ती नाकारली. मात्र नगरात पांढऱ्या दगडाची फरसबंदी करण्यास संमती दिली. कामगारांना काम मिळाले आणि देवडीही राहिली.

आपल्या दारची ओसरी पाडण्यापूर्वी किंवा नवी बांधण्यापूर्वी एवढा विचार करावयास हरकत नाही. ती एका दिवसात पाडता येते. तिथे बसून बोलण्याची सवय लागायला मात्र दोन पिढ्या जातात.